अकरा कोऱ्या चौकटी

“अकरा दिवस कमी भरतात,” मी म्हटलं आणि हजेरीचं पत्रक त्यांच्याकडे वळवलं.

डॉ. प्राजक्ता वानखेडे यांनी पत्रकाकडे पाहिलंच नाही. आधी माझ्याकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे. डोळ्यांच्या विभागातली ड्यूटी संपवून त्या सरळ ऑफिसात आल्या होत्या, कारण मीच फोन करून बोलावलं होतं.

“असं कसं होईन?” त्या म्हणाल्या. “मी तं रोज जायची.”

“रजिस्टरवर सही नाही.”

“पण मी जायची ना.”

मी खुर्ची पुढे केली. त्या बसल्या नाहीत.

मी हडपसरमधल्या एका मोठ्या हॉस्पिटलच्या इंटर्न सेलमध्ये असिस्टंट आहे. हॉस्पिटलला मेडिकल कॉलेज जोडलेलं आहे. सकाळी मी माझ्या कॉलेजात असते, बी.कॉम.चं शेवटचं वर्ष, आणि दुपारी बारा ते सात इथे. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. त्यामुळे ऑफिसात कुणाशी किती बोलायचं हे मला अजूनही नीट कळत नाही. हे लिहितानाही थोडं तसंच होतंय. पण ही गोष्ट मला नीट माहीत आहे, कारण त्यातली एक चूक माझी होती.

आधी आमचं काम सांगते. एमबीबीएस झाल्यावर लगेच कुणी पूर्ण डॉक्टर होत नाही. एक वर्ष इंटर्नशिप करावी लागते. या वर्षात प्रत्येक विभागात ठरलेले आठवडे काम करायचं असतं. मेडिसिन, सर्जरी, बाळंतपण, डोळे, हाडं, असं सगळं. याला रोटेशन म्हणतात. त्यातलं सगळ्यात लांब रोटेशन कम्युनिटी मेडिसिनचं, म्हणजे खेड्यातल्या आरोग्य केंद्रावर जाऊन करायचं. प्रत्येक विभागाकडून हजेरी आमच्याकडे येते. ती मी कॉम्प्युटरवर भरते. ठरलेल्या रजेपेक्षा जास्त दिवस गैरहजर असाल, तर तेवढे दिवस त्याच विभागात पुन्हा भरून द्यायचे. ते झाल्याशिवाय कम्प्लीशन सर्टिफिकेट निघत नाही.

जे परदेशातून एमबीबीएस करून येतात त्यांना आमच्याकडे एफएमजी म्हणतात. त्यांना आधी इथली स्क्रीनिंग परीक्षा पास व्हावी लागते, मग इथल्या हॉस्पिटलात इंटर्नशिप मिळते. आणि पुढे स्पेशालिस्ट व्हायचं असेल, म्हणजे पीजीला जाऊन रेसिडेंट डॉक्टर व्हायचं असेल, तर प्रवेश परीक्षेसाठी एक अंतिम तारीख असते. त्या तारखेपर्यंत इंटर्नशिप पूर्ण पाहिजे. एक दिवस जरी पुढे गेला तरी त्या वर्षी तुम्ही पात्र नाही.

डॉ. प्राजक्तांची इंटर्नशिप संपल्यावर अंतिम तारखेपर्यंत फक्त दोन दिवस उरत होते. रजा त्यांनी आधीच वापरली होती, आईच्या ऑपरेशनला. आणि कमी पडत होते अकरा दिवस.

“म्हणजे यंदा नाही,” त्या म्हणाल्या. आवाज अगदी साधा होता. “बाबा म्हणाले होते, यंदा नाही झालं तर यवतमाळला ये. इथं दवाखान्यात लाग म्हणाले. बस झालं शिकणं.”

त्यांचे वडील एसटीत कंडक्टर होते. स्क्रीनिंग परीक्षा त्या तिसऱ्या प्रयत्नात पास झाल्या होत्या. त्यांचं वय अठ्ठावीस. हे सगळं त्यांच्या फाइलमध्ये होतं, म्हणून मला माहीत होतं.

मी त्यांना जोगळेकर मॅडमकडे घेऊन गेले. मॅडम आमच्या सेक्शनच्या प्रमुख. तीस वर्षं याच हॉस्पिटलात आहेत. आवाज कधी चढवत नाहीत, त्याची गरजच पडत नाही.

मॅडमनी पत्रकांसोबत आलेली रजिस्टरची झेरॉक्स पाहिली. आरोग्य केंद्राचं रजिस्टर साधं असतं. उभी नावं, आडव्या तारखा, रोज एक चौकट, चौकटीत सही. तिथे बोटांचं मशीन बसवलेलं आहे, पण रेंज नसते म्हणून रजिस्टरच चालतं. तीन महिन्यांत सहा इंटर्न होते. पाच जणांच्या ओळी पूर्ण भरलेल्या. डॉ. प्राजक्तांच्या ओळीत अकरा चौकटी कोऱ्या.

“अहो डॉक्टर,” मॅडम म्हणाल्या, “सही करायला किती सेकंद लागतात?”

“मॅडम, मी सकाळी सातला फाट्यावर उतरून सिस्टरांसोबत थेट वस्त्यांवर जायची. लसीकरणाच्या दिवशी. रजिस्टर नऊला काढतात आणि साडेनऊला कपाटात ठेवतात. आम्ही केंद्रावर यायचो तेव्हा दुपारचे तीन वाजलेले असत.”

“मग दुसऱ्या दिवशी करायची.”

“कालच्या चौकटीत आज सही केली तं ती खोटी झाली असती.”

मॅडमनी चष्मा काढला. “इतकं खरं वागायचं होतं तर निदान एक अर्ज लिहून पोच घ्यायची. आपण पुण्यात राहता ना? इथे माणूस जिवंत आहे हेसुद्धा अर्ज करून सांगावं लागतं.”

मग मॅडमनी पत्रकांच्या तारखा पाहिल्या आणि माझ्याकडे वळल्या. “स्नेहल, ही पत्रकं कधी आली?”

इथे माझी चूक येते. आरोग्य केंद्राची पत्रकं दर महिन्याला येतात आणि दर महिन्याला भरायची असतात. पहिल्या महिन्याचं पत्रक आलं तेव्हा माझी सेमिस्टर परीक्षा होती. मी ते ड्रॉवरमध्ये ठेवलं. दुसरं आलं, त्यावर ठेवलं. तिसरं आल्यावर म्हटलं आता तिन्ही एकदम भरू. एकदम भरायलाही मला महिना लागला. पहिल्याच महिन्यात भरलं असतं, तर चार कोऱ्या चौकटी तेव्हाच दिसल्या असत्या. एक फोन केला असता तर पुढच्या सात वाचल्या असत्या.

“मॅडम, पत्रकं वेळेवर आली होती,” मी म्हटलं. “मीच उशिरा भरली. माझी परीक्षा होती. पण ते कारण नाही.”

डॉ. प्राजक्ता समोरच उभ्या होत्या. मला वाटलं आता त्या माझ्यावर ओरडतील. त्या म्हणाल्या, “परीक्षा कशी गेली?”

“अकाउंट्स बरा गेला,” मी म्हटलं.

मॅडमनी पत्रक खाली ठेवलं. “तुम्ही दोघी एकमेकींची विचारपूस नंतर करा. बर्वे सरांकडे जा. केंद्र त्यांच्या हाताखाली आहे. ते लिहून देतील तर मी मान्य करीन. माझ्या मनाने मी एक दिवससुद्धा देणार नाही.”

डॉ. बर्वे कम्युनिटी मेडिसिनचे विभागप्रमुख. त्यांनी आमचं म्हणणं पूर्ण ऐकून घेतलं, हे आधी सांगायला पाहिजे. कारण पुढे ते म्हणाले ते ऐकायला बरं नव्हतं.

“मला ही मुलगी माहीत आहे. काम करते. पण मी केंद्रावर पंधरा दिवसांतून एकदा जातो. ती अकरा दिवस फील्डवर होती असं मी लिहून दिलं, आणि उद्या कुणी विचारलं कशावरून, तर मी काय सांगू? चेहऱ्यावरून?”

“सर, केंद्रावरच्या पवार सिस्टर सांगतील ना,” डॉ. प्राजक्ता म्हणाल्या.

“तोंडी सांगतील. तोंडी तर प्रत्येक इंटर्न प्रामाणिक असतो. कागद आणा. जेवढ्या दिवसांचा कागद तेवढे दिवस देतो. परवा संध्याकाळी डीनकडे यादी जाते, त्याआधी.”

म्हणजे दोन दिवस. हिशोब आम्ही जिन्यातच केला. इंटर्नशिप संपल्यावर अंतिम तारखेपर्यंत दोन दिवस होते, तेवढे भरून देता आले असते. अकरातून दोन गेले, नऊ उरले. नऊ दिवसांचा कागद पाहिजे होता. आठ चालणार नव्हते.

मी येरवड्याला राहते. आई आमच्या वस्तीत आशा सेविका आहे. त्या संध्याकाळी जेवताना मी तिला सगळं सांगितलं. ऑफिसातलं मी घरी फारसं सांगत नाही, कारण अर्ध्या गोष्टी समजावत बसावं लागतं. ही गोष्ट उलटी निघाली. आईनेच मला समजावलं.

“लसीकरणाला टॅली शीट असतं की,” ती म्हणाली. “किती बाळं आली, कुठली लस दिली, किती उरल्या. खाली टीम लिहितात. सिस्टरचं नाव, आशाचं नाव, डॉक्टर असतील तर डॉक्टरांची सही. आमच्याकडे डॉक्टर येतातच कुठे, म्हणून ती जागा रिकामी असते.”

“ते कागद ठेवतात का जपून?”

“सिस्टरवर आहे. आमची सिस्टर बिस्किटाच्या पुड्याची पावतीसुद्धा ठेवते.”

वडील जेवता जेवता म्हणाले, “हिला कॉलेजात घातली आणि शिकवतेय तूच.” आईला ते फार आवडलं. तिने त्यांना आणखी एक भाकरी वाढली.

दुसऱ्या दिवशी मी कॉलेज बुडवलं. डॉ. प्राजक्तांनी विभागात सांगून अर्धा दिवस घेतला, या वेळी लेखी अर्ज देऊन आणि त्याची पोच घेऊन. गाडीतळावरून आम्ही बस पकडली. केंद्र सोलापूर रस्त्यावरून आत एका गावात आहे, तासाभराच्या अंतरावर.

बसमध्ये मी त्यांना बराच वेळ मनात असलेला प्रश्न विचारला. “बाकीच्या पाच जणांची एकही चौकट कोरी नाही. ते नाही का यायचे वस्तीवर?”

त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, “त्यांनी आठवडे वाटून घेतले होते. दोघं या आठवड्यात, तिघं पुढच्या. जे केंद्रावर असतील ते सगळ्यांच्या सह्या करतील. सगळेच करतात म्हणे. दर बॅचला असंच असतं.”

“तुम्हाला नाही विचारलं?”

“विचारलं होतं. मी म्हटलं मला रोज यायचंय. तर म्हणाले, ठीक आहे, मग तुझी सही तुलाच करावी लागेल.”

मला हे ऐकून विचित्र वाटलं. घरी बसलेल्यांची हजेरी पूर्ण होती आणि रोज जाणारीची अपूर्ण. वाटून घेण्यामागे त्यांचीही अडचण होती, त्यांना पीजीचा अभ्यास करायचा होता. डॉ. प्राजक्तांनाही तोच करायचा होता.

“तुम्हाला का जायचं होतं रोज?”

“मी जिथं शिकली ना, तिथं रोटेशनला आम्ही वीस-वीस जण एका पेशंटच्या भोवती उभे असायचो. पेशंटची भाषा आम्हाला येत नव्हती. प्रोफेसर बोलायचे, आम्ही लिहून घ्यायचो. सहा वर्षांत मी एका बाळाला हातात घेऊन तपासलं नव्हतं. इथं पहिल्या आठवड्यात सिस्टरांनी एक पोरगं माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, बघा. मी बघतच राहिली. काय बघायचं तेच माहीत नव्हतं.” त्या हसल्या. “कागदावर माझी सगळी रोटेशनं पूर्ण होती तिथली. शिक्क्यासकट.”

केंद्रावर पवार सिस्टर लसींचा डबा पुसत होत्या. पन्नाशीच्या, उंच, पदर खोचलेला. डॉ. प्राजक्तांना पाहून म्हणाल्या, “या, हरवलेल्या डॉक्टर. डोळं तपासाया लागला म्हणं आता. माझं तपासा, मला तुमी दिसंनाच झाला हाय.”

आम्ही सगळं सांगितलं. सिस्टरांनी डबा खाली ठेवला.

“ह्या बाईची गैरहजेरी?” त्या म्हणाल्या. “अवो, हिला घरी जा म्हणून सांगावं लागायचं. कोण म्हणतंय गैरहजर?”

“मीच,” मी म्हटलं. “म्हणजे रजिस्टर म्हणतंय. मी फक्त भरते.”

“मग रजिस्टरला म्हणावं, ऊन व्हतं तवा माझ्यासंगं चाल वस्तीवर.” असं म्हणत त्या कपाटाकडे गेल्या आणि एक जाड फाइल काढली. टॅली शीट्स होती, तारखेप्रमाणे लावलेली.

मी कोऱ्या चौकटींच्या तारखा वाचत गेले, सिस्टर शीट काढत गेल्या. प्रत्येक शीटवर खाली टीम लिहिलेली होती. सिस्टरांचं नाव, आशाचं नाव आणि तिसऱ्या ओळीत ‘डॉ. प्राजक्ता वानखेडे, इंटर्न’, पुढे सही. सही छोटी, सरळ, एकही अक्षर न खाल्लेली. मी प्रत्येक शीटची झेरॉक्स काढली. केंद्रात मशीन होतं, कागद मी हडपसरहून नेले होते.

आठ शीट्स मिळाली. तीन तारखांची मिळाली नाहीत.

“दोन सेशनचा गठ्ठा तालुक्याला मागून नेला हाय,” सिस्टर म्हणाल्या. “त्यो परत यायला दिवाळी उजाडंल. आन ही तिसरी तारीख…” त्यांनी तारीख पुन्हा वाचायला लावली. “त्या दिवशी सेशन झालंच न्हाई. म्हणून शीट न्हाई.”

“मग मी कुठं होती?” डॉ. प्राजक्तांनी विचारलं.

“अशी कशी इसरला? त्या दिवशी खाणीवरची सुनीता अडली नव्हती का? आपण लस द्यायला निघालो आन बाळंतपणच समोर आलं.”

डॉ. प्राजक्तांना आठवलं. मलाही मग सगळं कळलं. वस्तीवर पोचल्यावर एका घरातून हाक आली होती. सुनीताला कळा सुरू होऊन बराच वेळ झाला होता, रक्तदाब खूप वाढला होता. सिस्टरांनी १०८ ला फोन करून अँब्युलन्स बोलावली आणि डॉ. प्राजक्ता तिच्यासोबत मोठ्या हॉस्पिटलपर्यंत गेल्या. लसीकरण रद्द झालं.

“रेफर चिठ्ठी मी लिहिली होती,” डॉ. प्राजक्ता म्हणाल्या. “तिची कार्बन कॉपी राहिली नाही का?”

“कारबन कुठला? तुमी माझ्या डायरीचं पान फाडून लिवलं व्हतं. पान पेशंटसंगं गेलं.”

नववा कागद म्हणजे ते पान. सिस्टर म्हणाल्या, ते असलं तर सुनीताच्या घरीच असंल, चला.

खाणीवरची वस्ती केंद्रापासून दोन-अडीच किलोमीटर आहे. दगड फोडणाऱ्या लोकांची घरं. आम्ही चालत गेलो. वाटेत चार जणांनी डॉ. प्राजक्तांना थांबवलं. एका आजोबांनी शर्ट वर करून पाठीवरचा पुरळ दाखवला. त्या रस्त्यात उभ्या राहून बघू लागल्या, तेव्हा मला घड्याळ दाखवावं लागलं.

सुनीता घरीच होती. तिची सासू दारात शेंगा सोलत होती. बाळ झोळीत झोपलेलं.

“चिठ्ठी?” सासूबाई म्हणाल्या. “कसली चिठ्ठी? पोरगं काढून घेणार का काय चिठ्ठीपायी?”

“न्हाई वो मावशी,” सिस्टर म्हणाल्या. “ह्या डाक्टरनी त्या दिवशी लिवून दिली ती. तिच्यावर हिची नोकरी अडलीय.”

नोकरी नाही, पीजीची पात्रता, असं मी म्हणणार होते. नशीब, गप्प राहिले.

सुनीताने आतून एक प्लास्टिकची पिशवी आणली. त्यात बाळाचं लसीकरणाचं कार्ड होतं, हॉस्पिटलचं डिस्चार्ज कार्ड, जन्माचा दाखला, सोनोग्राफीचे फोटो. एकेक कागद तिने चटईवर मांडला. सगळ्यात शेवटी चार घड्या घातलेलं डायरीचं पान निघालं.

“मोठ्या दवाखान्यात ते घेऊन ठेवत व्हते,” ती म्हणाली. “मी म्हटलं, द्या माघारी. डाक्टरनी माझ्यासाठी लिवलंय ते.”

पानावर तारीख होती. वेळ होती, सकाळी आठ वीस. रक्तदाबाचा आकडा, दिलेलं औषध, कुठे पाठवत आहोत ते. खाली सही, आणि सहीखाली कंसात ‘इंटर्न’. त्याखाली मोठ्या हॉस्पिटलचा शिक्का, पेशंट आल्याची वेळ आणि ‘सोबत: इंटर्न डॉक्टर’ असं कुणीतरी लिहिलेलं. मी ते तीनदा वाचलं. मग पानाचा फोटो काढला आणि विचारलं, पान दोन दिवसांसाठी मिळेल का, मूळ कागद दाखवावा लागेल.

सासूबाई म्हणाल्या, “आणून देणार न्हवं?”

“मी स्वतः आणून देईन,” मी म्हटलं.

“लिवून दे,” त्या म्हणाल्या.

मी माझ्या वहीच्या पानावर लिहून दिलं. पान मिळालं, परवा परत करीन, खाली नाव आणि मोबाइल नंबर. सुनीताने ते त्याच पिशवीत ठेवलं. डॉ. प्राजक्ता तोवर बाळाला झोळीतून काढून तपासत होत्या. ते जागं झालं आणि त्यांच्याकडे बघत बसलं, रडलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी नऊ कागद बर्वे सरांच्या टेबलावर तारखेप्रमाणे मांडले. जोगळेकर मॅडमही आल्या होत्या. सरांनी प्रत्येक कागद रजिस्टरशी ताडून पाहिला. डायरीच्या पानापाशी ते थांबले.

“मॅग्नेशियम दिलं होतं हिने,” ते मॅडमना म्हणाले. “योग्य डोस, योग्य वेळ. इंटर्नने.” मॅडमना त्यातलं काही कळलं नसावं. मलाही नाही. पण सरांनी पेन काढलं, एवढं दोघींना कळलं.

मग मॅडमनी तो प्रश्न विचारला, ज्याचा मी विचारच केला नव्हता. “सर, या नऊ दिवशी टीममध्ये एकच डॉक्टर आहे. बाकीचे पाच जण कुठे होते?”

“केंद्रावर ओपीडीत असतील,” सर म्हणाले.

“पाचही? रोज? तीन महिन्यांत कुणाला साधी सर्दीसुद्धा झाली नाही. कौतुक आहे.”

मला डॉ. प्राजक्तांचे दिवस मिळवायचे होते, कुणाला अडकवायचं नव्हतं. बसमध्ये ऐकलेलं मी कुणालाच सांगितलं नव्हतं, आणि आताही सांगितलं नाही. सरांनी सही करून पेन ठेवलं. “बोलवा त्यांना,” ते म्हणाले.

पाचही जण आले. सरांनी रजिस्टर दाखवलं नाही, सह्यांचं नावही काढलं नाही. एवढंच विचारलं, “केंद्राच्या हद्दीत सात वस्त्या आहेत. मला कुणीही एका वस्तीचं नाव सांगा.”

त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. शेवटी डॉ. कौस्तुभ नावाचा एक जण म्हणाला, “सर, ती… शाळेजवळची.”

“शाळा कुठली?”

तो खाली बघू लागला.

“मीसुद्धा इंटर्न होतो,” सर म्हणाले. “आम्हीही आठवडे वाटून घ्यायचो, तेव्हा मला नवं काही सांगू नका. तुमची इंटर्नशिप आधी संपते, त्यानंतर अंतिम तारखेपर्यंत भरपूर दिवस उरतात. प्रत्येकाने पंधरा दिवस पवार सिस्टरांबरोबर जायचं. सातच्या बसने. सिस्टर लिहून देतील तेव्हा पूर्ण.”

बाहेर पडताना डॉ. कौस्तुभ माझ्या टेबलाशी थांबला. “तुम्ही आणि ती एफएमजी मिळून आमची वाट लावलीत,” तो म्हणाला.

मला वाईट वाटलं, थोडी भीतीही वाटली. मी काहीतरी पुटपुटणार होते, तेवढ्यात मागून मॅडम म्हणाल्या, “अहो डॉक्टर, वाट लावली नाही, दाखवली. फाट्यावर उतरायचं आणि डावीकडे वळायचं.”

उरलेले दोन दिवस डॉ. प्राजक्तांनी इंटर्नशिप संपल्यावर केंद्रावर भरून दिले. पहिल्या दिवशी त्यांच्यासोबत मीही गेले, सुनीताला पान परत द्यायला. परवा म्हटलं होतं आणि त्याला बरेच दिवस झाले होते, म्हणून सासूबाईंनी मला चांगलंच ऐकवलं आणि मग शेंगा दिल्या. दुसऱ्या दिवशी, म्हणजे अंतिम तारखेला, दुपारी चार वाजता डीननी सर्टिफिकेटवर सही केली. मी शाई वाळेपर्यंत ते हातात धरून उभी होते. डॉ. प्राजक्तांनी ते तिथेच उभ्या उभ्या वाचलं, पहिल्या अक्षरापासून. मग वडिलांना फोन लावला. “झालं, बाबा,” एवढंच म्हणाल्या, आणि बराच वेळ नुसतं ऐकत राहिल्या.

त्यांनी परीक्षा दिली. बालरोग हवं होतं, भूलशास्त्र मिळालं, तेही विदर्भातच, घरापासून तीन तासांवर. परवा फोन आला होता. म्हणाल्या, रेसिडेंटला झोप नसते हे ऐकलं होतं, आता बघतेय. आवाजावरून बऱ्या वाटल्या.

या प्रकरणातून मी शिकले ते एवढंच. रजिस्टरवरून सही झाली की नाही ते कळतं. माणूस आला होता की नाही, हे विचारायला जावं लागतं. आणि पत्रक ड्रॉवरमध्ये ठेवलं की ते स्वतःहून भरलं जात नाही, परीक्षा असली तरी.

बर्वे सरांनी नंतर नियम बदलला. आता फील्डवर जाणाऱ्यांसाठी वेगळं रजिस्टर आहे, ते पवार सिस्टरांच्या पिशवीत असतं, सही वस्तीवरच होते. त्याचं पहिलं पत्रक महिनाअखेरीस आलं आणि मी ते त्याच दिवशी भरायला घेतलं. इंटर्नच्या ओळींखाली एक जास्तीची ओळ आखलेली होती. तिच्यात पवार सिस्टरांनी रोज स्वतःची सही केली होती.

“हे कशाला?” मॅडम म्हणाल्या. “त्यांची हजेरी आपल्याकडे येत नाही.”

“असू दे, मॅडम,” मी म्हटलं, आणि त्यांचेही दिवस मोजले. पूर्ण भरले.